नीना सिमोनची पहिली रेकॉर्ड: गाणी सगळी दुसऱ्यांची, मग तिचं काय?

मांडवीची_पेटी (रत्नागिरी)

नमस्कार. मी रत्नागिरीत घरीच हार्मोनियम आणि गायन शिकवते. ‘गांधर्व’च्या परीक्षांना बसणाऱ्या मुली येतात, प्रवेशिका, मध्यमा, एखादी विशारदला. जॅझ मी आजवर मन लावून ऐकलेलं नव्हतं, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

माझा धाकटा मामा बोटीवर होता. गेल्या श्रावणात तो गेला. त्याच्या रेकॉर्डी मामीने माझ्याकडे पाठवल्या, प्लेअरसकट. सैगल, मन्ना डे, थोडं नाट्यसंगीत, आणि त्यात ही एकच इंग्रजी तबकडी: अमेरिकन गायिका नीना सिमोनची ‘लिटल गर्ल ब्लू’. पाकिटाच्या आतल्या बाजूला मामाच्या अक्षरात ‘रॉटरडॅम, १९८८’ असं बॉलपेनने लिहिलंय. गाण्यांच्या यादीत शीर्षकगीतापुढे दोन बरोबरच्या खुणा. बाकी गाण्यांपुढे काहीच नाही.

मामाला यात काय सापडलं होतं, ते मला समजून घ्यायचंय. गेले तीन आठवडे रोज रात्री, मुली घरी गेल्या की, एक बाजू लावते आणि दिवा बारीक करून बसते. आवडू लागलंय, पण काय आवडतंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. आणि काही गोष्टी अडतात.

आवाज आधी अडला. मी काळी पाचमध्ये गाते. ही बाई इतकी खाली गाते की पहिल्या दिवशी मी पाकीट उलटून बघितलं, गाणारा कुणी पुरुष आहे का म्हणून. मग पुतण्याने शोधून सांगितलं की ही तिची पहिलीच रेकॉर्ड, आणि तिच्या नावावरची रचना अकरांत एकच. बाकी सगळी जुनी, नाटकातली, सिनेमातली, कितीतरी जणांनी आधी गायलेली. आमच्याकडे मुलगी पहिल्यांदा मैफिलीला बसते तेव्हा गुरूंनी दिलेली बंदिशच मांडते, ते ठीक. पण स्वतःची ओळख करून द्यायला पहिली रेकॉर्ड काढायची, आणि गाणी दुसऱ्यांची? त्यातही तीन ठिकाणी ती गातच नाही, नुसता पियानो वाजतो! (त्यातल्या एकाला पुतण्या म्हणाला, “आत्या, हे तर लिव्हरपूलचं गाणं!” तो फुटबॉल बघतो.)

शेवटचं आणि मला सगळ्यात छळणारं. मामाने खुणा केलेलं गाणं सुरू होतं तेव्हा पियानोवर एक वेगळीच चाल येते, अगदी सरळ, लहान मुलांना शिकवावी अशी. मग ती गायला लागते, तर गाण्याची चाल निराळी, आणि पहिली चाल खाली चालूच. दोन गाणी एकमेकांत मिसळल्यासारखी. हे ऐकायचं कसं?

कोथरूडकर

ताई, बंदिशीचं उदाहरण तुम्हीच दिलंत, तेच उत्तराच्या जवळ जातं. जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणजे सगळ्या वादक-गायकांना पाठ असलेलं गाणं. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ‘अलबेला सजन’ कुणाचं, हे विचारत आपण बसत नाही. आज हा ते कसं घेतो, ते बघतो. तसंच.

बिली हॉलिडे, एला फिट्झगेराल्ड, सारा वॉन, सगळ्या मोठ्या जॅझ गायिकांनी याच साठ्यातून घेतलं. हा साठा मुख्यतः १९२० ते १९५० च्या दरम्यान न्यूयॉर्कच्या नाटकांसाठी आणि हॉलिवूडच्या सिनेमांसाठी लिहिला गेला. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ १९२८ चं. ‘माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी’ १९३० चं, लिहिणारे तेच दोघे, वॉल्टर डोनाल्डसन आणि गस कान. तुमचं शीर्षकगीत १९३५ चं, रॉजर्स आणि हार्ट या जोडीचं, सर्कशीवरच्या एका नाटकातलं.

पियानोबद्दल इथले ‘दोन_हात’ बोलतील तर बरं. ते शिकवतात.

दोन_हात (पुणे)

कोथरूडकरांनी हाक मारली म्हणून आलो, पण या रेकॉर्डचं नाव दिसलं असतं तर तसाही थांबलो असतो. जरा लांब लिहितो.

ताई, ही रेकॉर्ड गायिकेची म्हणून ऐकू नका. आधी दोन हात ऐका. आवाज हा त्या दोन हातांना येऊन मिळालेला तिसरा आवाज आहे, आणि तो उशिरा आला. वयानेही उशिरा आला.

ती जन्मली तेव्हा तिचं नाव युनिस वेमन होतं. २१ फेब्रुवारी १९३३, नॉर्थ कॅरोलायनातलं ट्रायॉन नावाचं छोटं गाव. आई मेथॉडिस्ट धर्मोपदेशक, आणि लोकांच्या घरची कामंही करायची. ज्या बाईंकडे ती कामाला होती त्यांनी मुलीचा हात ओळखला आणि शिकवणीचे पैसे भरले. शिक्षिका इंग्रज, म्यूरियल मॅझानोविच. त्यांनी तिला बाख दिला, म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय संगीतातल्या त्या जुन्या जर्मन रचनाकाराचं संगीत. पुढे गावातून तिच्या शिक्षणासाठी वर्गणीही गोळा झाली. अकरा-बारा वर्षांची असताना तिचा कार्यक्रम ठेवला, तर पहिल्या रांगेत बसलेल्या आईवडिलांना उठवून मागे बसवलं, गोऱ्या लोकांना जागा हवी म्हणून. ती म्हणाली, ते पुढे बसल्याशिवाय मी वाजवणार नाही. त्यांना पुढे आणलं, मग तिने वाजवलं. ही हकीकत तिने स्वतः सांगून ठेवली आहे.

तिला व्हायचं होतं मैफिलीत बाख-बीथोवन वाजवणारी पियानोवादक. १९५० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला जुलियार्ड या संगीतशाळेत शिकली, १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतसंस्थेसाठी प्रवेशपरीक्षा दिली. घेतलं नाही. काळी म्हणून घेतलं नाही, असं तिचं शेवटपर्यंत म्हणणं होतं. मग त्याच संस्थेतल्या एका प्राध्यापकांकडे खाजगी शिकवणी सुरू केली, आणि त्या शिकवणीचे पैसे उभे करायला १९५४ च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये पियानो वाजवायला लागली. आईला कळू नये म्हणून नाव बदललं. नीना म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटी मुलगी, आणि सिमोन हे फ्रेंच नटी सिमोन सिन्योरेवरून. पहिल्या रात्री नुसतंच वाजवलं. मालकाने सांगितलं, उद्यापासून गायचंही, नाहीतर काम नाही.

म्हणून ती गायली. या रेकॉर्डवरचा सगळा जीव मला या एका गोष्टीत दिसतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गाणी दुसऱ्यांची का? कारण बारमध्ये लोकांना हीच गाणी माहीत. मी पुण्यात ३१ वर्षं पियानो शिकवतोय, पण सुरुवातीला सहा वर्षं एका हॉटेलच्या लॉबीत रोज संध्याकाळी वाजवायचो. तिथे तुमची स्वतःची चाल कुणी ऐकत नाही. ओळखीचं गाणं सुरू झालं तरच मान वळते. तेव्हा मी एक गोष्ट करायचो: उजव्या हाताने लोकांना हवं ते हिंदी गाणं, आणि डाव्या हाताने सकाळी मुलांकडून घोटून घेतलेली बाखची चाल, जमेल तेवढी त्याखाली बसवलेली. एका वेटरने एकदा विचारलं, “साहेब, डाव्या हाताने हे दुसरंच काय चाललंय?” सहा वर्षांत तेवढा एकच प्रश्न आला. त्या माणसाला मी अजून विसरलेलो नाही. नंतर बऱ्याच वर्षांनी ही रेकॉर्ड हाती आली आणि मला कळलं, हीच गोष्ट कुणीतरी १९५७ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसून करून ठेवली आहे, आणि माझ्या स्वप्नातही येणार नाही इतकी वरची करून ठेवली आहे. तेव्हा ती २४ वर्षांची होती.

‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ लावा. या गाण्यांचा साचा बहुधा ३२ बारचा असतो (हा बार म्हणजे मात्रांचा एक गट), आठ-आठ बारच्या चार ओळी. एका बारला ४ मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन समजा. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून, गाणं संपेपर्यंत. गाणारा चाल सोडतो तेव्हाही हे आवर्तन बास आणि ड्रम्स धरून ठेवतात. इथे बासवर जिमी बाँड आहे, ड्रम्सवर अल्बर्ट हीथ. दोघेच. तबल्याचा ठेका धरलाय असं मनात धरा आणि बोटांवर मोजा.

ती शब्द गाऊन थांबते, आता पियानोची पाळी. जॅझवाला इथे गाण्याच्या चालीभोवती खेळतो. ती काय करते? उजवा हात एक ओळ सोडतो, डावा हात तशीच ओळ घेऊन मागून निघतो, मग दोघे एकमेकांना गुंडाळत वर चढत जातात. बाखच्या फ्यूगमध्ये हेच असतं. तुमच्या भाषेत, दोन गायक एकच मुखडा थोड्या अंतराने घेताहेत आणि तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. खाली ठेका मात्र पक्का जॅझचा, झुलता. हे सगळं चालू असताना आवर्तन तिच्या हातून एकदाही सुटत नाही. पुन्हा शब्दांवर येते ती समेवर आल्यासारखी.

शीर्षकगीताचं कोडंही तेच. ती सरळ चाल म्हणजे ‘गुड किंग वेन्सेस्लास’, नाताळात म्हणतात ते भजन. चाल फार जुनी, १५८२ मध्ये छापलेल्या एका संग्रहात ती आहे, तेव्हा तिच्यावर वसंत ऋतूचे लॅटिन शब्द होते. नाताळचे इंग्रजी शब्द १८५३ चे. गाणं आहे एका एकट्या पडलेल्या मुलीचं, जिला आता वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि त्याखाली ती शांतपणे सणाची चाल वाजवत राहते. तुम्हाला दोन गाणी मिसळल्यासारखी वाटली, तुमच्या कानाने बरोबर पकडलं. ती मिसळलेलीच आहेत. ऐकताना एकदा फक्त वरचं गाणं धरा, एकदा फक्त खालची चाल. तिसऱ्यांदा काहीच धरू नका.

तीन जागी ती गात नाही, कारण तिच्या लेखी ती पियानोवादक होती. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे पुतण्याने ओळखलेलं गाणं मुळात १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या नाटकातलं; फुटबॉलच्या मैदानात ते गेलं १९६३ नंतर. शब्दांवाचून ती ते कसं उभं करते, बघा.

आवाजाचं म्हणाल, तर गंगूबाई हनगल तुम्ही ऐकल्या असतीलच. त्यांच्या आवाजाला आपण पुरुषी म्हणून थांबलो नाही. पुढे ऐकत गेलो.

फोंडेकर

‘दोन_हात’ यांचं बरंचसं पटतं, पण सगळं श्रेय बाखला आणि कर्टिसच्या नकाराला दिलं जातं तिथे मी अडतो. तिच्याबद्दलचा प्रत्येक लेख त्या नकारापासून सुरू होतो, जणू नकार मिळाला नसता तर ही गाणी तिच्यात नव्हतीच.

ती बाखच्या आधी चर्चमध्ये वाजवत होती. तीन-चार वर्षांची असल्यापासून. चर्चमध्ये वाजवणाऱ्याला धर्मोपदेशक कुठे थांबेल, लोक कुठे उचलतील, हे कानाने ओळखावं लागतं. पुढ्यात कागद नसतो. ‘आय लव्ह्ज यू, पॉर्गी’ ऐका. गर्शविनच्या १९३५ च्या ऑपेरातलं गाणं, बिली हॉलिडेने आधी गायलेलं. नीना त्यात एक शब्दही ओढत नाही, रडत नाही. ती थांबते, आणि त्या थांबण्यात पियानोचे दोनच स्वर टाकते. हे प्रार्थनेतलं थांबणं आहे. बाखने ते शिकवलं नाही. लोकांनीही आधी हेच गाणं उचललं: १९५९ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. तिथल्या पहिल्या विसांत गेलेलं तिचं हे एकमेव गाणं.

माझे आजोबा व्हायोलिन वाजवत. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सरगम शिकले, मग मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये रात्री डान्सची गाणी, आणि रविवारी सकाळी पुन्हा चर्चमध्ये प्रार्थना. त्या पिढीतल्या कितीतरी गोंयकारांचं असंच होतं. एक हात देवाचा आणि एक पोटाचा, असं त्यांनी कधी वेगळं केलं नाही. नीनाही मला तशीच ऐकू येते. ‘मूड इंडिगो’ने रेकॉर्ड सुरू होते. जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनचं १९३० चं गाणं, मुळात मंद, धुक्यासारखं. ती ते पळवते. दुःखाचं गाणं पळवायची हिंमत ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते दुःखाचं गाणं, अंगात असल्याशिवाय येत नाही.

दोन_हात (पुणे)

फोंडेकर, ‘पॉर्गी’तल्या थांबण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. मी काल रात्री पुन्हा लावून पाहिलं. त्या जागी माझं लक्ष आजवर फक्त डाव्या हाताकडे होतं.

नकाराबद्दल मात्र मी मागे हटत नाही. तो तिच्या आयुष्यात होता, आणि तो तिनेच वारंवार सांगितला. एप्रिल २००३ मध्ये त्याच कर्टिसने तिला सन्मानाची पदवी दिली. दोन दिवसांनी, २१ एप्रिलला, ती फ्रान्समध्ये वारली. हे मला वाचून सोडून देता येत नाही. माझ्याकडेही मुलं परीक्षेला बसतात.

कोथरूडकर

पैशाचं राहिलं, तेही या रेकॉर्डच्या गोष्टीतलंच. रेकॉर्ड बाजारात आली १९५९ च्या सुरुवातीला (काही ठिकाणी १९५८ लिहिलेलं सापडेल), बेथलहेम या छोट्या कंपनीकडून. ३००० डॉलर घेऊन तिने आपले हक्क सोडले होते. त्यामुळे पुढे आपलं दहा लाख डॉलरच्या वर नुकसान झालं, असं ती सांगत असे.

आणि मांडवीच्या ताई, तुमच्या मामांचं ‘रॉटरडॅम, १९८८’ मला लगेच जुळलं. १९८७ मध्ये शनेल नंबर ५ या अत्तराच्या जाहिरातीत ‘माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी’ वापरलं गेलं. तीस वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण, आणि ते ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर! मातीच्या मांजरांचा एक सुंदर व्हिडिओही निघाला होता. त्या वर्षी-दोन वर्षांत युरोपात बंदरावर उतरलेल्या माणसाच्या कानावर ते पडलं नसेल तरच नवल. दुकानात बहुधा त्या गाण्यासाठी गेले असतील.

मांडवीची_पेटी (रत्नागिरी)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलंय.

‘दोन_हात’, तुम्ही सांगितलं तसं केलं. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ला ठेका धरून बसले. पहिल्या चार रात्री आवर्तन सुटत होतं, कारण पियानोच्या दोन ओळी निघाल्या की मी त्यांच्यामागे वाहत जायची आणि मोजणं राहून जायचं. पाचव्या रात्री विशारदच्या एका मुलीला थांबवून घेतलं. ती तबलाही शिकते. तिने मांडीवर मात्रा धरल्या, मी ऐकलं. बाई शब्दांवर परत आली आणि मुलीचा हात बरोबर तिथेच पडला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. मग तिने विचारलं, “ताई, आपण पेटीवर असं दोन हातांनी का नाही करत?” आपल्या पेटीत डावा हात भात्यावर अडकलेला, हे उत्तर मी दिलं, पण तो प्रश्न मनातून जात नाही. आता दोन मुलींना दोन पेट्यांवर बसवून, एकच मुखडा दोन मात्रांच्या अंतराने घ्यायला लावतेय. भूपात घेतलाय. अजून फार खडखडतं, पण कधीकधी चार मात्रा अशा जुळतात की स्वयंपाकघरातून आई विचारते, काय चाललंय.

फोंडेकर, ‘पॉर्गी’ मी आता दिवा पूर्ण मालवून ऐकते.

आवाज पुरुषी आहे असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. तो खर्जातला आवाज आहे. खर्ज आम्ही मुलींकडून पहाटे करून घेतो आणि मैफिलीत मात्र तारसप्तकाला टाळ्या देतो. ही बाई पूर्ण रेकॉर्डभर खालीच राहिली आणि तिथेच सगळं सांगितलं.

कोथरूडकर, मामा त्या मांजरांच्या गाण्यासाठी दुकानात गेला असेल, हे अगदी पटलं. पण खुणा त्याने दुसऱ्याच गाण्यापुढे केल्या होत्या, म्हणून रविवारी मामीला फोन लावला आणि फोन प्लेअरजवळ धरला. तिला गाणी कुणाची, काय, काही सांगितलं नाही. शीर्षकगीत लावलं. बाई गायला लागायच्या आधी, पियानोची ती सरळ चाल सुरू होताच मामी म्हणाली, “अगो, हे तर ते दाढी करताना गुणगुणायचे!” मी म्हटलं, थांब, पुढे ऐक, गाणं आता सुरू होईल. तिने पूर्ण ऐकलं. म्हणाली, “हे गाणं नाही माहीत मला. ते आधीचं, खालचं वाजतंय ना, तेवढंच म्हणायचे. रोज.”